गारीबाल्दी चौकातली झटक्यांची पेटी

लांबूनच बघा, मित्रांनो, हात लावायची घाई नको. मी विजेचे झटके देणारी एक जुनी लाकडी पेटी आहे. माणसं पदरचे पैसे देऊन झटका घेतात, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. पण मेक्सिको शहरातल्या गारीबाल्दी चौकात माझ्या जातीच्या पेट्यांवर कितीतरी घरांच्या चुली पेटल्या आहेत.

माझा जन्म माझ्या मालकाच्या, ओनोरियोच्या स्वयंपाकघरात झाला. फळांच्या खोक्याच्या फळ्या, जुन्या रेडिओतली तार, पोटात बॅटरी, अंगावर एक गोल बटण आणि वायरींच्या टोकांना दोन पितळी नळ्या, एवढाच माझा संसार. ओनोरियोच्या बायकोने माझ्यावर लाल गुलाब रंगवला. म्हणाली, "झटकाच द्यायचाय, तर निदान तोंड तरी बरं असू दे."

ओनोरियो मला गळ्यात अडकवून, नळ्या एकमेकींवर टणटण आपटत चौकभर हिंडायचा. मित्रांचं एखादं टोळकं हाक मारायचं. मग सगळ्यांनी हातात हात धरून कडं करायचं, टोकांच्या दोघांनी नळ्या धरायच्या आणि ओनोरियोने बटण हळूहळू फिरवायचं. वीज सगळ्यांच्या अंगातून फिरते. मनगटं वळतात, बोटं आखडतात. जो आधी हात सोडेल तो हरला. त्याने बाकीच्यांना पाजायचं. लग्न ठरलेले नवरदेव, सामना जिंकून आलेले खेळाडू, सगळे ओरडायचे, "वा रे पेटी!" मीही फुगून जायची.

बटणाला हात लावण्याआधी ओनोरियो दर वेळी आरोळी द्यायचा, "हृदयाचं दुखणं असेल, कुणी पोटुशी असेल, तर बाजूला व्हा रे!" ती कुणी ऐकत नसे. पण आमच्या धंद्यात मऊ म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

चौकात मारियाचींचे, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे ताफे गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असतात. त्यातला एक ताफा फेर्मीन मास्तरचा. त्यात बाईमाणूस एकच, इर्मा. "बाई नको" म्हणणाऱ्या मास्तरला तिने व्हायोलिन वाजवूनच गप्प केलं होतं. तिच्या घरात मिळवती ती एकटीच.

तो आईचा दिवस होता. दहा मे. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक लेकाला आईसाठी गाणं हवं असतं. ताफ्यांना जेवायलाही सवड नसते. दुपारी दोन गाण्यांच्या मधे मास्तरची नजर इर्माच्या कमरेवर गेली. चांदीच्या गुंड्यांचा तो काळा पोशाख अंगाबरहुकूम शिवलेला असतो. पट्टा एक भोक पुढे सरकला तरी दिसतो.

"ओनोरियोमामा, पेटी आण इकडे," मास्तर म्हणाला. "आज आमच्या ताफ्याचा दम बघू."

"मी नाही," इर्मा म्हणाली. "मला तारा दाबायला बोटं लागतात."

"अगं, मघाशी मक्याचे तमाल खाऊन हाणताना बरी चालत होती की बोटं!" गिटारवाला नाबोर म्हणाला. सगळे खिदळले.

"का? काही अडचण आहे का?" मास्तरने गोड आवाजात विचारलं.

खेळायला नाही म्हणावं तर त्याला कळणार. इर्मा मुकाट्याने कड्यात उभी राहिली. एक हात नाबोरने धरला, दुसरा त्याच्या भावाने.

ओनोरियोने नेहमीची आरोळी दिली. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदाच ती सगळ्यांनी ऐकली. सगळे एकाच माणसाकडे बघू लागले. इर्मा जमिनीकडे बघत राहिली. म्हाताऱ्या ओनोरियोच्या ध्यानात आलं. त्याने बटणावरचा हात काढला.

"मास्तर, बॅटरी उतरली."

"आत्ता तर नळ्या वाजवत हिंडत होतास! दे इकडे."

मास्तरने माझा पट्टा म्हाताऱ्याच्या मानेवरून ओढून घेतला. नाबोर आणि त्याच्या भावाने इर्माच्या हातांवरच्या मुठी आवळल्या. मास्तरने दोन बोटांत बटण धरलं. फिरवलं नाही. नुसतं धरलं आणि तिच्याकडे बघत राहिला.

"सोडा," इर्मा म्हणाली.

"अगं, अजून सुरूच कुठे केलंय?"

"सोडा माझे हात! आहे मी पोटुशी! झालं समाधान? सोडा!"

बटण शून्यावरच होतं. त्या दिवशी माझ्यातून मुंगी चावावी एवढीसुद्धा वीज बाहेर पडली नाही.

मास्तरने मला खाली ठेवलं. "मामाने विचारलं तेव्हा गप्प बसलीस. खोटं माणूस मला ताफ्यात नको."

"खरं बोलले असते, तर ठेवलं असतंत?"

"आता ते कसं कळणार?" मास्तर म्हणाला. "टोपी देऊन जा. टोपी ताफ्याची आहे."

तिने केसांतल्या पिना काढल्या, ती थोरली टोपी उतरवली आणि माझ्यावर ठेवली.

तेवढ्यात एक माणूस आपल्या पिकल्या केसांच्या आईला हाताला धरून आला. आईसाठी गाणं हवं होतं. मास्तरने लगेच आपली टोपी काढून छातीशी धरली. "आईसाठी? आईसाठी जीव ओवाळून टाकू, साहेब!" आणि ते गायले. नऊ महिने ओझं वाहणाऱ्या आईचं गाणं. नाबोरच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. खरं पाणी, मित्रांनो. नाटक नव्हतं ते. इर्मा व्हायोलिनची पेटी पोटाशी धरून गर्दीतून निघून गेली. ती चौकात पुन्हा दिसली नाही.

तुम्हाला वाटेल, ओनोरियोने मला त्या दिवसापासून माळ्यावर टाकलं. छे! दुसऱ्या दिवशी आम्ही चौकात हजर. भूक कुठे सुट्टी घेते? पण ती आरोळी त्याने बंद केली. आता तो कड्यातल्या एकेकाचे हात बघत जातो आणि मनात शंका आली की म्हणतो, "ताई, तुमचे हात फार ओले आहेत, माझी पेटी बिघडेल. तुम्ही बाहेरच थांबा." लोक म्हणतात, पेटी म्हातारी झाली, दम राहिला नाही. म्हणोत बापडे.

माझा गुलाब आता ओळखू येत नाही, फळ्याही उकलल्या आहेत. मला तेलपाणी करा, उन्हात टाकू नका, असं तुमच्याकडे मागावं खरं तर. पण मागणं वेगळं आहे. खेळता खेळता धरलेला हात कुणी सोडवून घेऊ लागलं, तर आधी हात सोडा. कारण मागाहून विचारा. नाही विचारलंत, तरी चालेल.