करण्यात आले

“‘तिच्याकडे बघून हसण्यात आले,’” संपादिकेने वाक्य मोठ्याने वाचलं. “ताई, ही दोघं प्रेमात पडलीत ना?”

“पडलीत की,” मसुदाबाई म्हणाल्या.

“मग हसलं कोण?”

मसुदाबाईंनी पान आपल्याकडे ओढलं, वाक्य वाचलं, आणि त्यांना असं हसू फुटलं की चष्मा काढून ठेवावा लागला. पलीकडे मुखपृष्ठाचे रंग निरखत बसलेल्या चित्रकाराने मान वर करून पाहिलं. प्रकाशकाच्या त्या खोलीत इतक्या मोठ्याने सहसा कुणी हसत नसे.

मसुदाबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं पत्रांचे मसुदे लिहिले, म्हणून कचेरीनेच ते त्यांना चिकटवलं होतं. पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल, आपला अर्ज फेटाळण्यात आला आहे, दिरंगाईची नोंद घेण्यात आली आहे. बंद कोण ठेवणार, फेटाळला कोणी, याचा थांगपत्ता त्या कागदावरून लागत नसे, आणि तीच बाईंची करामत होती. साहेब आले, साहेब गेले, पण मसुदा बाईंचाच हवा हा हट्ट एकानेही सोडला नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी चार वर्षं खपून कादंबरी लिहिली. दोन बहिणींची गोष्ट, अर्थातच स्वतःच्या घरावरून उचललेली. प्रकाशकाने ती घेतली, पण संपादिकेबरोबर बसून सगळी पुन्हा लिहायची, अशी अट घातली. ओळखीपाळखीच्यांना वाटलं, बाई आता खट्टू होणार. बाई तर हरखून गेल्या होत्या. आजवर त्यांच्या कागदांवर नुसत्या सह्या झाल्या होत्या, ते वाचत कुणीच नव्हतं. आता ही चाळिशीची, बारीक अंगाची बाई त्यांचं वाक्य न् वाक्य चावून बघत होती.

संपादिकेची पद्धत साधी होती. ती वाक्य बदलून देत नसे. जिथे ‘करण्यात आले’ दिसेल, तिथे समासात पेन्सिलीने एकच शब्द लिही, ‘कोणी?’ पहिल्या दिवशी असे एकसष्ट ‘कोणी?’ निघाले. मसुदाबाईंना त्याचा नादच लागला. बसमध्ये मांडीवर कागद ठेवून त्या कर्ते शोधू लागल्या. एकदा दुकानाच्या पाटीवर ‘दुपारी दुकान बंद ठेवण्यात येते’ हे दिसलं, तर आत जाऊन दुकानदाराला विचारलं, कोण ठेवतं म्हणून. तो म्हणाला, मी ठेवतो, दुसरं कोण ठेवणार? मग तसं लिहा ना, असं सांगून त्या समाधानाने घरी आल्या. अशा वेळी त्यांचं वय बासष्ट आहे हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात संपादिकेने पेन्सिल खाली ठेवली आणि तिला पडलेलं एक कोडं सांगितलं. शेजारणींच्या भांडणाचं प्रकरण कसं धडाधड पळत होतं, त्यात एकही ‘करण्यात आले’ नव्हतं. आजारी आईच्या तऱ्हेवाईकपणावरची दहा पानंही चोख होती. मग हा रोग अधूनमधूनच का उपटत होता?

“मी सगळ्या जागा शेजारी शेजारी मांडून बघितल्या,” ती म्हणाली. “जिथे कुणीतरी असं काही केलंय की ते सांगायला जड जातंय, नेमक्या तिथेच तुम्ही उठून कचेरीत जाऊन बसता.”

संपादिकेने अकरावं प्रकरण पुढे सरकवलं. वाक्य होतं, ‘धाकट्या बहिणीचे नाव शाळेतून कमी करण्यात आले.’

“हे कोणी केलं? शाळेने, की आईने?”

“मी,” मसुदाबाई म्हणाल्या. मग सावरून म्हणाल्या, “म्हणजे, नायिकेने.”

संपादिकेने कोरे कागद पुढे ठेवले आणि चहा सांगते असं म्हणून ती बाहेर गेली.

मसुदाबाईंनी लिहिलं, ‘तिने धाकटीचं नाव शाळेतून काढलं.’ एवढंसं वाक्य, पण ते लिहिल्यावर हात थांबेना. आई अंथरुणाला खिळलेली, थोरलीला नोकरी नुकती लागलेली, आईजवळ दिवसभर थांबायला माणूस नाही. तेरा वर्षांच्या धाकटीचा निकाल आणि दाखला थोरलीने एकाच दिवशी शाळेतून आणला, निकाल फाडून टाकला आणि घरी येऊन सांगितलं, तू नापास झालीस, आता शाळा पुरे. चार पानं झाली तरी चहा तसाच होता. संपादिकेने ती पानं दोनदा वाचली आणि एवढंच म्हणाली की या पुस्तकाला आता पाठीचा कणा आला. मसुदाबाईंना इतका आनंद झाला की त्या उठून उभ्याच राहिल्या. असं लिहिता येतं आपल्याला, हे त्यांना आज कळत होतं.

आणि उभ्याउभ्याच त्यांना आपली धाकटी बहीण आठवली. धाकटी हे वाचणार होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

संपादिकेने ओळखलं. पुस्तक तुमचं आहे, जुनं वाक्य ठेवायचं तर ठेवू, सोमवारी ते छपाईला जाईल, असं तिने सांगितलं. बाईंनी पानं पिशवीत घातली. ठेवायचं की काढायचं ते मी सोमवारी सांगते, पण आधी एकीला वाचून दाखवायचं आहे, असं म्हणून त्या निघाल्या.

धाकटीचं शिवणाचं दुकान होतं. गळ्यात टेप, समोर कापडाचा ढीग. ताई आलेली बघून तिने स्टूल पुढे केलं. पानं वाचून दाखवायची आहेत म्हटल्यावर ती नेहमीसारखं म्हणाली, “मला कशाला वाचून दाखवतेस? मी पहिल्यापासूनची ढ. मला काय कळणार त्यातलं?”

हे वाक्य ती अडतीस वर्षं म्हणत आली होती. बँकेत, दवाखान्यात, स्वतःच्या लेकीच्या शाळेतसुद्धा. तरी मसुदाबाईंनी वाचलं. चारही पानं, एक शब्द न गाळता.

मशीन केव्हाच थांबलं होतं.

“म्हणजे मी नापास झाले नव्हते?” धाकटीने विचारलं.

“नाही.”

“मग असं का सांगितलंस? शाळा सोड म्हणाली असतीस, तर सोडली असती मी.”

“रडली असतीस. मला बघवलं नसतं. नापास म्हटल्यावर तू गप्पच बसलीस.”

“गप्पच बसले,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मसुदाबाईंना जास्तच भीती वाटली. हिने आता नको म्हटलं, तर सोमवारी जाऊन आपण जुनं वाक्य परत लावू, हे त्यांनी मनात पक्कं केलं. पुस्तकाचा कणा गेला तर गेला.

धाकटीने गळ्यातला टेप काढून बाजूला ठेवला. “किती नंबर आला होता माझा?”

“तिसरा.”

“वर्गात?”

“सगळ्या तुकड्या धरून.”

धाकटीचे डोळे भरले होते, आणि चेहऱ्यावर मात्र बक्षीस घ्यायला नाव पुकारल्यासारखं काहीतरी पसरत होतं.

“हे लिहिलंयस त्यात?”

“नाही.”

“बाकी सगळं लिहिलंस आणि हेच नाही लिहिलंस.” तिने कापडाचा ढीग दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि टेबलावर जागा केली. “इथे बस. आत्ता लिही.”

मसुदाबाई बसल्या. निकालाच्या वाक्यापाशी त्यांनी वर खूण केली आणि ३ हा आकडा काढला.

“आकडा नको,” धाकटी त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. “अक्षरात लिही.”

मसुदाबाईंनी आकडा खोडला आणि सुवाच्य अक्षरात ‘तिसरी’ लिहिलं. वेलांटी पुरी होईपर्यंत धाकटी जागची हलली नाही.