यारागुंडीचा महासूर्य

सूर्य राव-रंक असा भेद करीत नाही. तो सगळ्यांवर सारखाच तळपतो. आमच्या अनुदानाच्या अर्जातले हे पहिलेच वाक्य. समितीने त्यावर एवढेच विचारले, "मग तो यारागुंडीतूनच कशाला पाहायचा?"

आम्ही सूर्य पाहत नव्हतोच. त्याचा भडका उडाला की दोनेक दिवसांत पृथ्वीचे चुंबकत्व थरथरते आणि उपग्रहांपासून विजेच्या लायनींपर्यंत सगळ्यांना कापरे भरते. ती थरथर मोजणारे उपकरण नोरीन ट्रेजेन्झाच्या झोपडीत होते. वेधशाळेत माणसे दोनच, ती आणि मी. झोपडी लाकडाची, खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या. आसपास लोखंडाचा कणही नाही. फाटकाशी लाकडी खुंट्या होत्या. किल्ल्या, मोबाइल, कमरेचे पट्टे तिथे टांगायचे आणि मगच आत यायचे. नोरीन वर्षानुवर्षे नाडीची पँट घालत आली. गावच्या पबमध्ये तिला 'नाडी' म्हणत आणि तीही ओ देई.

उपकरण म्हातारे झाले होते. ते बदलले नाही तर पिढ्यानपिढ्यांची सलग नोंद तुटणार होती. आमचे मागणे तेवढेच. पहिल्यांदा उत्तर आले, सूर्य सध्या शांत आहे, घाई नको. मग सूर्य खवळला. तेव्हा उत्तर आले, आता उशीर झाला, उपकरण येईपर्यंत तो शांत होईल. तिसऱ्यांदा समितीचा ब्राइस हॉलोवे स्वतः कॅनबेराहून आला. फाटकाशी त्याने पट्टा काढला आणि एका हाताने पँट सावरत आत शिरला.

"मित्रा," तो मला म्हणाला. या देशात समोरचे ताट ओढून घेणारा आधी 'मित्रा' म्हणतो. "तुमचं विज्ञान झकास आहे. पण लोकांना दिसतं काय? एक खोपटं!"

"दिसण्यासारखं काही नाही, म्हणून तर ते चालतं," नोरीन म्हणाली.

"तेच तर! आधी लोकजागृती, मग उपकरण. जागृतीचा निधी वेगळा असतो, आणि तो मी मंजूर करूनच आणलाय."

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात गावाला ओळख हवी असली की गाव कशाचा तरी अवाढव्य पुतळा उभारते. कुणाचे केळे आहे, कुणाची मेंढी, कुणाची कोळंबी. यारागुंडीच्या नशिबी आजवर काही नव्हते. आता महासूर्य येणार होता, तीन मजली.

"कशाचा?" नोरीनने विचारले.

"पोलादाचा. अस्सल स्थानिक पोलाद!"

"ब्राइस, तू पट्टा का काढलास?"

"पद्धत आहे ना तुमची."

"पद्धत नाही रे बाबा. लोखंड जवळ आलं की हे आंधळं होतं. सूर्य लाकडाचा करा, ॲल्युमिनियमचा करा. नाहीतर हायवेवर न्या, फीत कापायला मी स्वतः येते."

"फोटोत मागे वेधशाळा नको? नुसत्या सूर्याला काय अर्थ!"

मी मध्ये पडलो. "जाऊ दे नोरीन. लोखंड एका जागी स्थिर असलं, तर निदान ते आकड्यांतून वजा तरी करता येईल."

ब्राइसचा चेहरा उजळला. "स्थिर? छे! तो वाऱ्यावर फिरतो!"

उद्घाटनाला सॉसेज भाजली गेली, भाषणे झाली, महासूर्याने दोन गिरक्या घेतल्या. झोपडीतली रेघ त्याच्याबरोबर नाचली. तेव्हापासून आमच्या नोंदीत रोज चुंबकीय वादळ. वारा सुटला की वादळ, पर्यटकांची बस आली की वादळ, आणि शाळेची सहल आली की प्रलय.

मे महिन्यात खरे वादळ आले. गव्हाच्या पेरणीचे दिवस. ट्रॅक्टर उपग्रहाच्या भरवशावर आपापले चालतात. ते भरकटले. संध्याकाळी पबमध्ये मर्व्ह पास्को ग्लास आपटून म्हणाला, "नाडी, माझं शेत जाऊन बघ. साप चालावा तशी पेरणी झालीय! थरथर सुरू होताच सांगता येत नव्हतं होय तुला?"

"पूर्वी सांगत होते की नाही?"

"होतीस. म्हणून तर विचारतोय."

"आता माझ्या यंत्राला तुझा ट्रॅक्टर, सूर्याचा तडाखा आणि त्या लोखंडी भोवऱ्याची गिरकी, सगळं एकच दिसतं. उद्घाटनाला टाळ्या कोण वाजवत होतं, मर्व्ह?"

"सॉसेज फुकट होतं," मर्व्ह पुटपुटला.

पुढच्याच आठवड्यात ब्राइसचा फोन आला. नोरीनने तो मला ऐकू येईल असा ठेवला. कित्येक वर्षांतले सर्वांत मोठे वादळ यारागुंडीला ओळखता आले नाही, म्हणून समिती व्यथित होती आणि वेधशाळा बंद करणार होती. शिवाय तज्ज्ञांच्या मते ही जागा चुंबकीयदृष्ट्या अयोग्य होती. परिसरात लोखंड फार. समितीच्या तोंडून इतक्या वर्षांत निघालेले शास्त्रशुद्ध विधान ते एवढे एकच.

"तुम्हीच डोळ्यांत माती टाकलीत," नोरीन म्हणाली, "आणि वर विचारता, दिसलं कसं नाही? इथे एकही दिवस कोरा नव्हता, ब्राइस. माझ्या आधीच्या माणसाने पूर आला तेव्हा होडीतून येऊन नोंद घेतली. तू ती एका खेळण्यासाठी तोडलीस."

"मित्रा, मी तुझा संताप समजू शकतो."

"नाही समजू शकत. समजला असतास, तर पट्टा का काढला ते आधी समजलं असतं."

फोन तिनेच ठेवला. दुसऱ्या दिवशी ती उपकरण बंद करायला आली, ती कमरेला पट्टा लावून. चांगला रुंद पट्टा, त्याला पोलादी बक्कल. खुंट्यांपुढून ती न थांबता आत गेली.

जागृती मात्र झाली. महासूर्याच्या देखभालीची कायमची तरतूद आहे. झोपडीत आता पर्यटकांसाठी दुकान आहे. तिथे फ्रिजला चिकटवायची चुंबके विकतात: महासूर्य, मेंढी, कोळंबी, केळे. सगळ्यात जास्त खप केळ्याचा आहे.