तटाभोवतीची फेरी

गाठ दुहेरी मारायची, नाहीतर नाडी पुन्हा सुटते... तिनं फरसबंदीवर एक गुडघा टेकवून सासूबाईंच्या बुटाची नाडी बांधली, आणि बांधून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आता आपलं काम राहिलेलं नाही. नवऱ्यानं घर सोडलं त्याला तीन आठवडे झाले होते. दुसरी कोणी होती. किल्ल्याची ही सहल त्यानंच आईच्या सत्तरीसाठी ठरवलेली – तिघांची. "आपण दोघी जाऊ की," सासूबाई फोनवर म्हणाल्या, आणि तिला नाही म्हणता आलं नाही.

तटाच्या बाहेरून पायवाट डोंगराला वळसा घालत होती. एका हाताला सहाशे वर्षांची भिंत, दुसऱ्या हाताला नुसता उतार, आणि खूप खाली कौलांचं गाव. सासूबाई पुढं, ती मागं – तोल गेलाच तर सावरता यावं म्हणून. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती चार महिने त्यांच्याकडेच राहिली होती, तेव्हाही अशीच मागं चालायची, स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर... "पोलीस लावलाय माझ्या मागं!" त्या म्हणायच्या, आणि दोघी भिंतीला टेकून हसायच्या. त्याच्याबरोबर मी इतकी कधी हसले होते?

बुरुजाच्या वळणावर वाट अगदी कडेला गेली. सासूबाईंनी खाली डोकावून पाहिलं.

"बाई गं! तिला तर इथं उभंसुद्धा राहवलं नसतं. बाल्कनीत यायलाही घाबरत होती..."

त्या थांबल्या.

"घरी आली होती ती?"

"एकदाच."

"कधी?"

"तू परत कामावर जायला लागलीस ना, तेव्हा."

म्हणजे सात महिने. सात महिने ती दर गुरुवारी सासूबाईंकडे जात होती, गोळ्यांची डबी भरत होती, नखं कापून देत होती... आणि एकदा ओट्यावर तीन कप उपडे दिसले होते. "कोण आलं होतं, आई?" – "शेजारीण गं, लेकीला घेऊन." तिनंच ते पुसून फडताळात ठेवले होते.

"मुलगा आहे तो माझा. दारात उभा राहिला, तर आत येऊ नको म्हणू?"

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस." आवाज बारीक झाला. "मला तू जायला नको होतीस."

नवऱ्यासाठी रडून झालं होतं. ते रडणं मैत्रिणींना फोनवर सांगता येत होतं, त्याही दोन शिव्या हासडत होत्या. पण हे कुणाला सांगायचं? सासू दुरावली म्हणून रडते, म्हटलं तर लोक म्हणतील, सुटलीस की! त्यांनी आपल्याला फसवलं – आणि ते आपण हव्या होतो म्हणून... आता राग धरायचा तरी कुठून?

वाट अजून निम्मी उरली होती. सासूबाई चालू लागल्या. तिला वाटलं, त्यांनी आता मागं वळून पाहू नये. आणि त्या खरोखरच वळल्या नाहीत, तेव्हा हाक मारावीशी वाटूनही न मारता ती मागोमाग निघाली, तोल गेलाच तर सावरता येईल इतक्या जवळून –