अभ्रकावर रुसलेला थेंब

थेंब पुन्हा फुगून बसला. रुसलेल्या जावयासारखा, जागचा हलायला तयार नाही.

"काय रे बाबा, काय बिघडवलंय मी तुझं?" धाकटी दातओठ खात म्हणाली. प्रयोगशाळेत सगळे तिला धाकटीच म्हणायचे. घरीही तेच नाव, त्यामुळे सुटका कुठेच नव्हती.

काम ऐकायला पोरखेळ वाटेल. अभ्रकाचा तुकडा घ्यायचा, चिकटपट्टी लावून त्याचा वरचा पापुद्रा ओढून काढायचा. खाली जो पृष्ठभाग उघडा पडतो, त्याला तोवर ना हवा लागलेली असते ना हात. त्यावर पाण्याचा थेंब सोडला की तो थेंब राहतच नाही, पार सपाट पसरतो. इतकी त्या दगडाला पाण्याची ओढ! पण हवेतलं जरासं तेलकट काही आधी येऊन बसलं, की संपली ओढ. मग पाणी मण्यासारखं गोल उभं राहतं. धाकटीला त्या कोऱ्या दगडावर पाण्याचे पहिले थर कसे बसतात ते मोजायचं होतं, आणि इथे मेलं पाणी पसरेचना. शुक्रवारी तपासणी समिती यायची होती. त्यांच्यासमोर थेंब पसरला नाही तर शिष्यवृत्ती बंद. मग दादाच्या दुकानातलं काउंटर होतंच. दादाने ते पुसूनसुद्धा ठेवलं होतं.

तिने पाणी बदललं, हातमोजे बदलले, चिमटे आम्लात बुडवून काढले. सर बिचारे प्रत्येक वेळी तिच्या खांद्याशी उभे असायचे. पोरं त्यांना मागून 'भिंग' म्हणायची, कारण कशातही नाक खुपसून पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. माणूस मात्र लाखातला. हा विषय घ्यायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा "आण इकडे, बघू" म्हणणारे तेच एकटे.

मंगळवारी सर आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, घेऊन डॉक्टरांकडे गेले, आणि त्या सकाळी थेंब पसरला. धाकटीचा विश्वासच बसेना. तिने नवा पापुद्रा काढला, पुन्हा पसरला. तिने तिथल्या तिथे उडी मारली आणि सरांना फोन लावला.

दुपारी सर धापा टाकत आले आणि थेट तिच्या खांद्यावरून वाकले. थेंब? फुगून बसला!

"घाई झाली असेल गं," सर हळूच म्हणाले. "कधी कधी डोळ्यांना हवं तेच दिसतं."

तिला ते असं झोंबलं म्हणता! म्हणजे मी खोटं बोलते? काहीतरी तोडून बोलायला तिने श्वास घेतला, आणि तो श्वास तसाच अडकला. बाम! सरांच्या मानेला चोळलेला तो कापूर-पुदिन्याचा बाम. तो वास रोजचाच, भिंतीच्या रंगासारखा. कोणाच्या लक्षातही येत नसे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

पण आता हे सांगायचं कसं? ज्याने हात धरून इथवर आणलं, त्यालाच म्हणायचं, की माझं काम तुमच्यामुळे नासतंय? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"सर, रागावू नका," ती शेवटी म्हणाली. "जरा काचेच्या दाराबाहेर उभे राहाल?"

सर गेले. तिने पंखा लावून खोलीतली हवा बाहेर काढली, पापुद्रा ओढला, थेंब सोडला. पसरला. सरांना आत बोलावून तेच पुन्हा केलं. रुसला. सरांचा हात आपसूक मानेवर गेला.

"हात्तिच्या!" ते कपाळावर हात मारून म्हणाले. "आणि मी तुझ्या पाण्याला नावं ठेवत होतो!"

गुरुवारी सर बाम न लावता आले. मान इतकी आखडलेली की कोणी हाक मारली तर अख्ख्या अंगानिशी वळायचे. थेंब त्यांच्या नाकाखाली झकास पसरला. धाकटी आनंदाने बघते तर सरांचं तोंड उतरलेलं.

"काय झालं, सर?"

"काही नाही गं." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुझ्या काकूला हल्ली काही आठवत नाही. माझं नावही जातं कधी कधी. पण सकाळी उठली की डबी शोधते आणि माझी मान चोळून देते. तेवढं एक राहिलंय. आज मी नको म्हटलं, तर डबी हातात घेऊन बसून राहिली. म्हणाली, माझं काय चुकलं?"

रडू यायला लागलं की धाकटीला राग यायचा, तसा तो आला.

"उद्या बाम लावून यायचं," तिने सरांना चक्क दटावलं.

"वेड लागलं का तुला? उद्या समिती आहे!"

"असू दे. मध्ये काच आहे ना."

शुक्रवारी समिती आली. सर दाराबाहेर, काचेला नाक लावून. धाकटीने पापुद्रा ओढला, आणि थेंब शहाण्यासारखा पसरला. समितीच्या बाईंनी मान डोलावली आणि दाराकडे बोट केलं. "तुमचे सर बाहेर का?"

धाकटीने जीव मुठीत धरला. झाकून ठेवावं तर उत्तर सोपं होतं. पण तिने सरांना आत बोलावलं. सर नको नको म्हणत आले, वाकले, आणि नव्या पापुद्र्यावर थेंब टम्म फुगला.

"मानेवरचा बाम," धाकटी म्हणाली. "इतक्या लांबून दगडाची आणि पाण्याची फारकत करतो. तो दगडावर किती वेळात बसतो, किती जाड बसतो, आणि त्याला हटवून पाणी पुन्हा जागा मिळवतं का, हे मला पुढे मोजायचंय."

बाईंनी वाकून थेंब निरखला. "म्हणजे सरांना रोज यावं लागणार."

"हो. बाम लावून."

बाई खळखळून हसल्या आणि तिथेच म्हणाल्या, "मोजा. शिष्यवृत्ती चालू राहील."

समिती गेल्यावर सरांनी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"अगं, मी बोलतोय. सकाळी तू बाम लावलास ना, फार उपयोग झाला इथे. उद्याही लावशील ना? कामाला लागतो."

काकूंचा आवाज धाकटीपर्यंत स्वच्छ ऐकू आला.

"हे काय सांगायला हवं? ते मी कधी विसरते का?"