चौसष्ट नंबरचा चेहरा

"हा माझा नवरा नाही," वँडाबाई म्हणाल्या आणि पर्स पोटाशी धरून दारातच उभ्या राहिल्या.

झालं सुरू, डेल्बर्ट मनातल्या मनात म्हणाला.

शिल्पशाळेच्या मधोमध, फिरत्या पाटावर, मातीचं डोकं होतं. रुंद जबडा, जाड मान, भुवईवर जुनी खोक. लोइसनं सात आठवडे खपून ते घडवलं होतं. सोमवारी त्याचा साचा घ्यायचा होता, ऑगस्टमध्ये ते ब्राँझचं होऊन अमेरिकन फुटबॉलच्या थोरामोठ्यांच्या दालनात बसायचं होतं. तिथं एकदा बसलेलं डोकं पुन्हा कुणी हलवत नाही. हा मान मिळेपर्यंत वँडाबाईंच्या नवऱ्याला, स्टॅन प्रुसाकला, मरून अकरा वर्षं झाली होती.

डेल्बर्ट क्रान्ट्झचं काम सांगायला सोपं. जुने फोटो मिळवायचे, पारखायचे, मागं नाव लिहायचं आणि लोइसच्या हातात द्यायचे. एकवीस वर्षांत त्याचं एकही नाव चुकलं नव्हतं, आणि त्याचं गुपितही तो विचारणाऱ्याला सांगून टाकायचा: "मी कुणावर विश्वास ठेवत नाही. घरच्यांवर तर मुळीच नाही." घरच्यांची एकेक सोंगं त्यानं बघितली होती हो! एका पोरानं टकल्या बापाला केस लावून मागितले होते. एका बाईनं नवऱ्याचं मोडकं नाक सरळ व्हावं म्हणून लोइसला आठवडाभर घरची पीचची पेस्ट्री खाऊ घातली होती. तेव्हा या बाईंना नक्की काय हवंय, ते बघायचं.

"बसा तरी," तो म्हणाला. "काय खटकतंय? नाक? आम्ही तरुणपणचा चेहरा घडवतो, बाई. तुम्हाला आठवतो तो म्हातारपणचा."

"मला समजावू नका. सत्तेचाळीस वर्षं त्या तोंडाशेजारी झोपले मी."

लोइसनं हात पुसले. "बरं, मग हा कोण?"

"आधी मला सांगा, हे घडवलंत कशावरून?"

डेल्बर्टनं फोटो काढून टेबलावर ठेवला. एकसष्ट सालचा, हंगामातला शेवटचा सामना. चिखलात लडबडलेला गडी मैदानाच्या कडेला उभा, शिरस्त्राण डाव्या हातात, छातीवर चौसष्ट. स्टॅन आघाडीच्या फळीतला; चेंडू त्याच्या हातात कधी यायचा नाही, दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करून द्यायची एवढंच त्याचं काम. असल्या माणसांचे फोटो कोण काढतो? हा एवढा एक स्वच्छ सापडला होता, तोही डेल्बर्टनं तीन महिने धूळ खाऊन काढलेला.

"चौसष्ट म्हणजे प्रुसाक," तो म्हणाला. "चिखलात सगळी तोंडं सारखीच. नंबर खोटं बोलत नाही."

वँडाबाईंनी फोटो उचलला आणि त्या चक्क हसल्या. "अगं बाई! हा तर हायरम. हायरम टकेट, स्टॅनच्याच संघातला. मध्यंतराच्या आधी त्याचा शर्ट खांद्यापासून फाटला. स्टॅनचा गुडघा गेला होता, तो बाकावर बसलेला. जादा शर्ट होते कुणाकडं तेव्हा? स्टॅननं आपला काढून दिला आणि उघड्या अंगावर घोंगडी घेऊन बसला. मी होते की तिथं, थंडीनं दात वाजत होते माझे."

गोष्ट छान होती. फारच छान, आणि डेल्बर्टला छान गोष्टींचाच जास्त संशय यायचा. "आणि हे आज आठवलं तुम्हाला?"

"आज दाखवलंत म्हणून आज सांगतेय! आणि मी लग्नाचा फोटो पाठवला होता, त्याचं काय केलंत?"

लोइसनं मान वळवली. "कुठला फोटो, डेल्बर्ट? घरून कामाचं काहीच आलं नाही, असं म्हणाला होतास ना तू?"

डेल्बर्टच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो फोटो आला होता. त्यानं बघितलाही होता. चेहरा जुळला नाही, तेव्हा त्यानं ठरवून टाकलं की बाईंनी कुणा देखण्या दिराचा पाठवलाय. आणि तो खालच्या खणात टाकला.

"बोटं मोजा," वँडाबाई म्हणाल्या. "खेळ नसायचा तेव्हा स्टॅन पोलादाच्या कारखान्यात जायचा. डाव्या हाताची करंगळी तिथंच राहिली. या सामन्याच्या, आमच्या लग्नाच्याही आधी. मोजा ना, घाबरताय कशाला?"

डेल्बर्टनं भिंग लावलं. शिरस्त्राणाच्या जाळीवर बोटं आवळलेली होती. अंगठा धरून पाच. त्यानं भिंग पुसलं आणि पुन्हा मोजली. पाचच. महिनोन्महिने हा फोटो त्याच्या टेबलावर पडून होता आणि छातीवरचा आकडा वाचल्यावर हाताकडं बघावं असं त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

फोटो अंधुक आहे, नीट दिसत नाही. हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. बाई त्र्याऐंशी वर्षांच्या, त्यांचं कोण ऐकणार होतं? लोइसचे सात आठवडे वाचले असते आणि आपली एकवीस वर्षंही. आयुष्यभर जगावर संशय घेतला, पण एवढा लबाड विचार आपल्याच डोक्यातून निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"पाच आहेत," तो म्हणाला. "चूक माझी आहे, लोइस. बाईंचा फोटोही माझ्याकडंच आहे. मीच दाबून ठेवला." त्यानं खालचा खण उघडला.

लोइसनं लग्नाचा फोटो उजेडात धरला, मातीच्या डोक्याकडं बघितलं. "माणसा, माणसा," ती म्हणाली. "आता रविवारीही काम आलं." आणि माती मऊ करायला तिनं फडकं बादलीत बुडवलं.

"थांबा," वँडाबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच दारातून पुढं आल्या. "हे... असंच नाही का ठेवता येणार? दुसरं नवीन करा ना."

"आतला सांगाडा एकच आहे, बाई. दुसरा बांधून त्यावर माती चढवेपर्यंत सोमवार निघून जाईल. आणि माझं पोट या कामावर आहे."

"हायरम दोनच हंगाम खेळला हो. मग जन्मभर ॲक्रन शहरात पावाची गाडी चालवली. बायको गेली, मूलबाळ नाही, तोही गेला. पण त्या दिवशी स्टॅन घरी येताना म्हणाला होता, माझा शर्ट आज माझ्यापेक्षा भारी खेळला. लोकांनी पाठ थोपटली ती चौसष्ट नंबरची. स्टॅन दुसऱ्या दिवशी सांगायला गेला, तर हायरम म्हणाला, जाऊ दे रे, शर्ट तर तुझाच होता ना." बाईंनी मातीच्या डोक्याकडं बघितलं. "स्टॅनला मान मिळाला तो अकरा वर्षांच्या खेळाचा, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण याचं तोंड पुन्हा कोण घडवणार?"

डेल्बर्टनं फोटो उलटा केला. मागचं 'प्रुसाक' त्यानं रबरानं खोडलं आणि 'हायरम टकेट' असं लिहिलं. एवढंच त्याच्या हातात होतं आणि ते फारच थोडं होतं, हे त्याला कळत होतं.

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली. लोइसनं ओला अंगठा मातीच्या नाकावर टेकवला.

"जरा हळू हं, बाई," वँडाबाई म्हणाल्या.

लोइसनं हळूच दाबलं.