पिवळी फियाट

माणसानं आग शोधली, चाक शोधलं, चंद्रावर पाय ठेवला. पण होऊन गेलेली गोष्ट बदलणं काही त्याला जमलं नव्हतं. ते १९९८ साली बारामतीत जमलं. फक्त त्यासाठी वीज असावी लागे, आणि आप्पा निमगाव केतकीहून एसटीनं येऊन पोचले तेव्हा ती नव्हती.

"बसा," स्वानंद म्हणाला. फोटो स्टुडिओ त्याचा. त्यानं नुकताच काँप्युटर आणला होता आणि बाहेर पाटी लावली होती : 'जुने फोटो नवे करून मिळतील.'

आप्पा बसले. बायको म्हाळसाबाई गेल्यापासून त्यांना कोणी बसा म्हटलं की ते बसत आणि उठा म्हटलं की उठत. ताट पुढं आलं की जेवत, नाही आलं तर तसेच राहत. रडले म्हणाल तर नाही. गावातल्या बायकांनी पहिले काही दिवस त्याची वाट पाहिली, मग शेतातली कामं निघाल्यावर त्यांनीही नाद सोडला.

वीज आली. आप्पांनी पिशवीतून फोटो काढला. नरसिंहपूरला संगमावर काढलेला. मधोमध पांढरी फियाट. बॉनेटवर हात ठेवून म्हाळसाबाई. उजव्या कडेला बाईंचे थोरले बंधू दादासाहेब, कोणीतरी मंत्रिपदाची शपथ द्यायला येतंय अशा बेतानं ताठ उभे.

"मोठा करायचाय का?"

"व्हय. मालकिनीच्या वरीसश्राद्धाला लावायचाय. अन् गाडी तेवढी पिवळी करायची."

स्वानंदकडं तोवर लोक गोरं करून घ्यायला येत, चष्मा काढून घ्यायला येत. एकानं भांडण झालेली चुलती काढून तिथं कुंडी ठेवून घेतली होती. गाडी पिवळी करायला कोणी आलं नव्हतं.

"आप्पा, त्यापेक्षा गाडीच रंगवून घ्या की. माझ्या ओळखीचा माणूस आहे."

"एक तर वर्साच्या आत घरात नवं कायबी करत न्हाईत. अन् गाडी रंगवून काय करू? ती कुठं बघनार हाय? हितं ती गाडीपाशीच हुबी हाय."

 स्वानंदनं फोटो स्कॅनरच्या काचेवर ठेवला.

गाडी घरात आली तेव्हाची गोष्ट. आधी या घरात मेंढरं होती, मेंढरांनंतर ऊस आला आणि उसानंतर एका डॉक्टरची वापरलेली फियाट. म्हाळसाबाईंनी तिला कुंकू लावलं, भोवती फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "पांढरी काय ही? दवाखान्यातनं उचलून आनल्यावानी. पिवळी करून घ्या. भंडाऱ्यावानी." आप्पा म्हणाले, "पिवळी म्हंजे टॅक्सी. रस्त्यानं लोक हात करत्याल." पुढं दर दिवाळीला हा विषय निघे आणि दर दिवाळीला आप्पा म्हणत, "पुढल्या दिवाळीला बघू." पुढल्या दिवाळ्या पुष्कळ आहेत असं त्यांना वाटत होतं.

"पिवळ्यात कुठला देऊ?" स्वानंदनं पडद्यावर पिवळ्यांची रांग लावली. लिंबू, आंबा, सोनचाफा.

"ह्यातला न्हाय."

स्वानंद चहा सांगायला दारापर्यंत गेला. मघाशी फोटो कुठल्या काचेवर ठेवला होता ते आप्पांनी नीट पाहून ठेवलं होतं. त्यांनी झाकण उचललं, खिशातली खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी सोडली आणि चिमूटभर भंडारा काचेवर टाकला.

"ह्यो रंग," ते म्हणाले. "आता बघाया सांगा त्याला."

स्वानंदनं कपाळाला हात लावला. पण काँप्युटरनं खरोखरच पाहिला. हळद त्या यंत्राच्या फटीत कायमची जाऊन बसली. त्या हंगामात बारामतीतल्या बऱ्याच लग्नांचे फोटो थोडे पिवळसर आले, पण लग्नात पिवळं दिसलं म्हणून कोण तक्रार करतो?

पहिल्या फटक्याला गाडीबरोबर दादासाहेबांचं डोकंही पिवळं झालं, कारण तेही गाडीइतकंच पांढरं होतं.

"हे गृहस्थ काढूनच टाकू का? सोपं काम आहे."

"नगं. मेव्हनं हायत. जित्तं हायत."

स्वानंदनं डोकं परत पांढरं केलं. मग तो माउसनं गाडीची कड धरून निघाला : टपावरून काचेवर, काचेवरून बॉनेटवर आणि तिथून म्हाळसाबाईंच्या बोटांच्या मधून. पडद्यावर मधूनमधून वाळूचं घड्याळ येई. ते आलं की आप्पाही थांबत, म्हणजे तसे ते थांबलेलेच होते.

गाडी पिवळी झाली. म्हाळसाबाईंचा तळवा जिथं बॉनेटला टेकला होता तिथं तोही थोडा पिवळा झाला.

"एवढं साफ करतो," स्वानंद म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. भंडारा उधळून आल्यावानी दिसतंय."

"बाकी कसं वाटतंय?"

"बरं हाय." आप्पांना आमटीबद्दल विचारलं तरी ते एवढंच म्हणत.

वर्षश्राद्धाला फोटो सोप्यात लागला. दादासाहेब हयात असल्यामुळं हार म्हाळसाबाईंच्या बाजूला तिरका घातला होता. शेजारच्या आक्काबाईंनी फोटो पाहिला, भुवया वर केल्या आणि पंगत बसायच्या आत गावभर झालं : आप्पानं वर्साच्या आत नवी गाडी घेतली. नव्या गाडीपाशी म्हाळसाबाई कशा उभ्या राहतील, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

दादासाहेब इंदापूरहून आले ते वेशीत हे ऐकून, दारातूनच ओरडत. "दाजी, माझी भन जाऊन वरीस सरलं न्हाय, अन् तुमी गाड्या घेता? लाज हाय का न्हाय?"

फोटोतल्या त्या गाडीशेजारी ते स्वतः उभे होते. तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

 आप्पा उठून मागच्या गोठ्याकडं चालू लागले. दादासाहेब मागोमाग, आणि त्यांच्या मागं पंगत. आप्पांनी ताडपत्री बाजूला केली. फियाट. चाकांतली हवा गेलेली, मागच्या सीटवर कोंबडी बसलेली. म्हाळसाबाई गेल्यापासून तिला कोणी चालू केलं नव्हतं. दादासाहेबांनी धुळीवरून बोट ओढलं. खाली रंग पांढरा.

परत येऊन त्यांनी फोटो पाहिला. पिवळा.

"मंग ह्यो काय परकार?"

"तिला पिवळी पायजे हुती," आप्पा म्हणाले. "मी म्हनायचो, टॅक्सी वाटंल. आता वाटली तर वाटू दे."

दादासाहेब खाली बसले.  आक्काबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सगळ्यांनी आप्पांकडं पाहिलं, आता तरी रडू येईल म्हणून. आप्पा फोटोतल्या तळव्याकडं बघत होते. काही आलं नाही. वाढप्यानं बराच वेळ हातात धरलेली बादली खाली ठेवली.

मग दादासाहेब सरकून जवळ आले. त्यांनी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला. घसा खाकरला. पुन्हा एकदा फोटोकडं पाहिलं, पण या वेळी गाडीच्या थोडं उजवीकडं.

"दाजी," ते कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "बारामतीला परत जानं झालं, तर माझं क्यास तेवढं काळं करून आना."