शिलाई त्यातच

अभिमनच्या दुकानात भाव सांगायची एक ठरलेली रीत होती. गिऱ्हाईक आलं की तो आधी बैठकीवर मूठ दाबून बघायचा, मग छताकडे बघत ओठ हलवायचा आणि आकडा सांगायचा. आकडा ऐकून गिऱ्हाइकानं तोंड वाकडं केलं की अभिमन घाईघाईनं पुढे जोडायचा, "शिलाई त्यातच." भाजीवाली वरून कोथिंबिरीची काडी टाकते ना, तशी ही शिलाई. मागितली नसली तरी टाकायचीच, आणि तिचे पैसे लावायचे नाहीत.

पडद्यामागे मशीनवर बसलेल्या झुंबरबाईला हे दोन शब्द रोज ऐकू यायचे. कोथिंबिरीची काडी म्हणजे तीच की.

धुळ्यात पारोळा रोडच्या एका गल्लीत पुढे दुकान आणि मागे घर होतं. पाटीवर 'अभिमन कुशन वर्क्स' असं पिवळ्या रंगात लिहिलेलं. सोफ्याचा लाकडी सांगाडा सुतार बनवून द्यायचा. त्यावर पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या, काथ्या भरायचा आणि वरून कव्हर ओढून चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या, हे अभिमनचं काम. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोला. पण ते कव्हर काही आभाळातून पडत नव्हतं. मापं घेऊन मखमल कापायची, रेक्झिन जोडायचं, कडेनं दोरी घालून पायपिंग शिवायचं, कोपरा असा बसवायचा की सुरकुती पडता कामा नये, हे सगळं झुंबरबाईकडे. मशीनही तिचीच, नशिराबादहून लग्नात आलेली. लगीनसराईत तिच्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या आणि संध्याकाळी भाकरी थापायला बसताना ती भिंतीला धरून बसायची. सोशिक बाईची गोष्ट ऐकायची असेल तर ती दुसरीकडे मिळेल. झुंबरबाई सोशिक नव्हती, फक्त तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

ते उघडलं चैत्रात, नव्वद साली. कापडण्याचे चुडामण नाना लेकीच्या लग्नात द्यायला सोफासेट सांगायला आले. नाना नात्यातले, कपाशीत पैसा केलेले. दुकानात पाऊल टाकलं की शुद्ध मराठी बोलायची त्यांना सवय, चिडले की मात्र गावची अहिराणी बाहेर यायची. त्यांना जांभळी मखमल हवी होती, पाठीला बटणं, कडेला सोनेरी पायपिंग, आणि व्याह्याच्या डोळ्यांत भरेल असं सगळं. अभिमननं छताकडे बघितलं, आकडा सांगितला. नानांनी तोंड वाकडं केलं.

"शिलाई त्यातच," अभिमन म्हणाला.

पडदा सरला. झुंबरबाई हातात कात्री घेऊन बाहेर आली. "शिलाई त्यात नाही," ती म्हणाली. "शिलाई वेगळी."

नाना आधी तिच्याकडे बघत राहिले, मग पोट हलवून हसले. "सूनबाई, घरचं काम, त्याचा कसला भाव? उद्या स्वयंपाकाचाही लावशील."

"मस्करी करते ती, नाना," अभिमन म्हणाला आणि त्यानं मूठभर चुका तोंडात टाकल्या. हा त्याचा जुना उपाय. चुका ओठांत धरून एकेक काढून ठोकायच्या ही कामाची रीतच आहे, पण अडचणीत सापडला की तो काम नसतानाही चुका तोंडात टाकायचा. तोंडात चुका असल्या की माणसाला बोलावं लागत नाही.

नानांच्या हसण्यानं तिला काही वाटलं नाही. नवऱ्याच्या त्या 'मस्करी'नं मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी जेवताना तिनं विषय काढला. अभिमन म्हणाला, घर एक, गल्ला एक, मग शिलाई वेगळी सांगितली काय आणि एकत्र सांगितली काय, पैसा शेवटी आपल्याच घरात येणार. शिवाय पुढच्या चौकातले दुकानदार टपूनच बसलेत, भाव वाढला की गिऱ्हाईक तिकडे.

"गल्ला एक आहे ना?" ती म्हणाली. "मग तुमची हातोडी घासली तर त्याच दिवशी नवी येते, आणि माझ्या मशीनचा पट्टा तुटला तेव्हा मी महिनाभर सुतळी बांधून चालवलं. का? तर हातोडीचा भाव लागतो आणि मशीनचा लागत नाही. ज्याला भाव नाही त्याला पट्टासुद्धा मिळत नाही या घरात."

जेवताना चुका तोंडात टाकता येत नाहीत. उत्तर आलं अंगणातून. तिथे निंबाच्या सावलीत सासू धुरपदाबाई काथ्या पिंजत बसली होती. काथ्या बाजारातून दोरासारखा पिळलेला येतो. तो उकलून, हातानं पिंजून मोकळा केल्याशिवाय सोफ्यात भरता येत नाही. म्हातारी सकाळपासून त्याच्यामागे असायची, केसांत, लुगड्याला, भुवयांना सगळीकडे काथ्या. सासू बोलायची अहिराणी, सून बोलायची नशिराबादची बोली, पण भांडायला दोघींना कधी अडलं नाही.

"आम्हीन जलमभर कयं," म्हातारी तिथूनच म्हणाली, "कधी भाव नही मांगा."

"म्हणून तर कुणी दिला नाही, आत्याबाई," झुंबरबाई म्हणाली आणि ताट उचलून उठली.

पुढचे आठ-दहा दिवस ती नेहमीसारखी कामाला लागली. अभिमनला वाटलं, चला, निवळलं. तिनं मखमल कापली, खडूच्या खुणा केल्या, कोणता तुकडा पाठीचा आणि कोणता हाताचा ते ओळखता यावं म्हणून घड्या वेगळ्या ठेवल्या. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी एका सकाळी पिशवी भरून दारात उभी राहिली.

"माहेरी जाते."

आता आखाजीला लेकीनं माहेरी जाऊ नये असं खान्देशात म्हणणार कोण? वर्षातून एकदा झोका बांधला जातो, लेकी येतात, चार दिवस चुलीकडे बघत नाहीत. पण झुंबरबाई गेली कितीतरी वर्षं गेली नव्हती, कारण आखाजी येते ती ऐन लगीनसराईत आणि सोफे तिच्यावाचून अडतात. दरवर्षी अभिमन म्हणायचा, "पुढच्या वर्षी जा." ती राहायची. या वर्षी तिनं विचारलंच नाही.

"आणि नानांचं?" अभिमन म्हणाला. "लग्न आखाजीनंतर लगेच आहे."

"शिलाई त्यातच आहे ना? मग असेल तिथेच. बघा शोधून."

एसटीत खिडकीशी बसल्यावर तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरून ठेवली. भीती होतीच, कशाला लपवा. काम दुसऱ्या कुणी करून दिलं तर तिचं बोलणं जन्मभरासाठी फुकट गेलं असतं. मग 'शिलाई त्यातच' तिनं मरेपर्यंत ऐकलं असतं आणि तक्रारीला जागाही उरली नसती. पण जळगाव मागे पडून नशिराबाद आलं तोवर तिनं पिशवी खाली ठेवली होती. तिनं झोका खेळला, आंबे खाल्ले, दुपारी झोपली. दुपारची झोप काय असते हे ती विसरूनच गेली होती.

मागे घरी काय झालं ते तिला नंतर सासूकडून कळलं, आणि सासूनं ते चवीचवीनं सांगितलं. पहिल्या दिवशी अभिमन स्वतः मशीनवर बसला. "तुना नवरानी तीन सुया मोड्यात," म्हातारी म्हणाली. चौथी सुई त्याच्या बोटात गेली. मग घड्या काखेत मारून तो वना शिंप्याकडे गेला. वनानं मखमल उलटसुलट केली, पायपिंगची दोरी बघितली, कोपऱ्यांच्या खुणा बघितल्या आणि भाव सांगितला. तो भाव अभिमननं सगळ्या सेटची स्वतःची मजुरी धरली होती त्याच्या निम्म्याहून जास्त होता. वर वना म्हणाला, कोपऱ्याला सुरकुती पडली तर जबाबदार नाही, मी शर्ट शिवणारा माणूस.

अभिमननं विचारलं, "इतका?"

"आजवर कोण करत होतं?" वना म्हणाला.

"घरीच व्हायचं."

"मग घरीच विचार ना."

आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी अभिमन नशिराबादला सासऱ्याच्या ओट्यावर हजर. बोटाला चिंधी बांधलेली. चहा पिऊन झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, बैलांचे भाव झाले, पण मूळ मुद्द्यावर गाडी येईना. शेवटी परतीच्या एसटीत, घाटातल्या ड्रायव्हरसारखा पुढे बघत, तो म्हणाला, "वनानं भाव सांगितला."

"किती?"

त्यानं सांगितला. झुंबरबाईनं मान हलवली. "बरोबर आहे. मीही तेवढाच घेईन. सुरकुती पडणार नाही त्याचे वेगळे मागत नाही."

"तसं नानांना कसं सांगू?"

"तुम्ही सांगू नका. मी सांगेन. तुम्ही फक्त मस्करी म्हणू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले. सोफा बांधून तयार असेल या हिशेबानं आले होते, तर समोर उघडा सांगाडा, नागड्या स्प्रिंगा, आणि बाजूला मखमलीच्या घड्या. अभिमन खाली बसून पट्टा ठोकत होता, तोंडात चुका. झुंबरबाई पडद्याच्या अलीकडे उभी होती.

"नाना, दोन दिवसांत देते," ती म्हणाली. "रात्रीचा दिवस करीन, पण लग्नाआधी तुमच्या दारात पोचेल. शिलाई वेगळी." आणि तिनं भाव सांगितला.

नानांचा चेहरा लाल झाला. "भाव ठरला होता."

"बैठकीचा ठरला होता. शिलाईचं मी त्याच दिवशी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

"आते हाई काय नवीन काढं?" शुद्ध मराठी गळून पडली. नाना तिच्याकडून अभिमनकडे वळले. "अभिमन, बाईच्या तोंडून भाव ऐकायची सवय नही माले. तू सांग. शिलाई त्यातच ना?"

दुकानात बाकी कुणी नव्हतं. अभिमन हातोडी धरून तसाच बसला. झुंबरबाईला त्याच्या ओठांतून डोकावणारी चुकांची टोकं दिसत होती. हा माणूस आता त्या तोंडात तशाच ठेवणार आणि होकाराची मान डोलावणार, हे तिला पक्कं वाटलं. मान डोलावली तर आपण आज मखमलीच्या घड्या रस्त्यावर फेकायच्या, एवढं मात्र तिनं तेवढ्या वेळात ठरवून टाकलं.

अभिमननं तळहात तोंडापुढे धरला आणि सगळ्या चुका त्यात थुंकल्या.

"शिलाईचा भाव तिला विचारा, नाना," तो म्हणाला. "मला येत नाही ते काम. तीन सुया मोडल्या."

नानांनी घासाघीस केली, नात्याचा दाखला दिला, पुढच्या चौकातल्या दुकानाचं नाव काढलं. "जा ना," झुंबरबाई म्हणाली. "मखमल कापून ठेवलीय, घेऊन जा. माप माझं आहे, त्यांना जुळलं तर बरंच." लग्न चार दिवसांवर होतं. नानांनी मखमलीच्या घडीवरून हात फिरवला, व्याह्याचं तोंड डोळ्यांपुढे आणलं असेल, आणि कबूल झाले. पुटपुटत, पण झाले. उठून पायरीवर गेले आणि चपलेत पाय घालू लागले.

झुंबरबाईला छातीत मोकळं वाटलं. आपण जिंकलो असं वाटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. "आनि मना काथ्या?"

धुरपदाबाई चौकटीत उभी होती. काखेत पिंजलेल्या काथ्याची टोपली, भुवईवर एक तंतू लोंबतोय. "तिनी शिलाईना भाव शे," म्हातारी म्हणाली. "मना काथ्या काय फुकट शे?"

अभिमन हसायला लागला आणि बायकोचा चेहरा बघून थांबला. झुंबरबाईचे कान तापले होते. ही टोपली रोज सकाळी तीच उचलून आत आणत होती. इतक्या वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की यात कुणाची बोटं सोलली. म्हातारी 'घरचं काम' करत होती, बस. नाना जे तिला म्हणाले तेच ती सासूबद्दल समजून चालली होती, आणि तेही न हसता.

"नाना, थांबा," ती म्हणाली. "चप्पल काढा. अजून एक राहिलंय."

"आते काय?"

"काथ्या पिंजायचा भाव." ती सासूकडे वळली. "सांगा, आत्याबाई. तुमचं काम, तुम्ही सांगा."

म्हातारीनं टोपली खाली ठेवली. जन्मात कधी तिला कुणी भाव विचारला नव्हता. तिनं अगदी लेकासारखं छताकडे बघितलं, ओठ हलवले, आणि हळूच म्हणाली, "चाळीस."

नानांनी कपाळाला हात लावला. अभिमननं हातातल्या चुका उगाच एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या, पण तोंडात टाकल्या नाहीत. झुंबरबाई सासूच्या बोटांकडे बघत होती. टोकं काळी पडलेली, नखांच्या कडा फाटलेल्या.

"कमी सांगितलंत, आत्याबाई," ती म्हणाली. "साठ म्हणा."